टेलिफोनवाला बेल आणि त्याचा विसरलेला उजेड

नांदेडच्या बसस्थानकावर लातूरच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर आपल्याच वयाचा एक मुलगा. फोन त्यानं पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला. कानात इअरफोन नाहीत, फोनचा आवाजही बंद. आणि दोन्ही हातांनी तो भराभर बोलत होता. स्क्रीनवरची मुलगी पण हातांनीच उत्तर देत होती. मध्येच दोघं खळखळून हसले. अख्ख्या स्टँडवर कंडक्टरच्या हाका, फेरीवाल्यांचा गोंगाट, आणि या दोघांच्या गप्पा मात्र निवांत चाललेल्या.

तुम्ही म्हणाल, व्हिडिओ कॉल आहे, त्यात काय एवढं? पण ऐकू न येणारी दोन माणसं दोन गावांत बसून आपल्या भाषेत गप्पा मारतात, ही गोष्ट माणसाच्या इतिहासात अगदी अलीकडची आहे. टेलिफोन आला, घराघरात पोचला, तरी ती झाली नव्हती. ती ज्या उजेडामुळे झाली, त्या उजेडावर आवाज बसवण्याचा खटाटोप एका माणसानं १८८० मध्येच करून पाहिला होता. त्याचं नाव तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. टेलिफोनचा शोध कुणी लावला? अलेक्झांडर ग्रॅहम बेल. एक मार्क, पुढचा प्रश्न.

त्या एका मार्कात बेलची निम्मीच गोष्ट मावते. उरलेली निम्मी आज आपल्या रस्त्याकडेच्या चरात पुरलेली आहे. ती सांगायला हवी.

कपाळापाशी बोलणारा मुलगा

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबराचा. घरात त्याला ॲलेक म्हणायचे. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. माणसाच्या तोंडून निघणारा प्रत्येक ध्वनी कागदावर खुणांनी कसा लिहायचा, याची एक लिपीच त्यांनी तयार केली होती. आणि आईला ऐकू कमी येत होतं. ती कानाला नळी लावून ऐकायची आणि पियानोही वाजवायची. बाकीचे लोक नळीत ओरडून बोलायचे. ॲलेक मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोलायचा. तिला ते कळायचं. पाहुणे आले की तो शेजारी बसून बोटांच्या खुणांनी गप्पा तिला सांगत राहायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आवाज ही कानापुरती गोष्ट नाही, ती एक थरथर आहे, आणि थरथर दुसऱ्या कशावर तरी बसवता येते. हे त्याला पुस्तकात शिकावं लागलं नाही, आईनंच शिकवलं म्हणायचं.

घरावर संकटंही आली. १८६७ मध्ये धाकटा भाऊ क्षयानं गेला, १८७० मध्ये मोठा भाऊही त्याच आजारानं. उरलेल्या एका मुलाला तरी वाचवायचं म्हणून आईवडिलांनी सगळं विकून कॅनडा गाठलं. पुढच्या वर्षी बेल बोस्टनमध्ये कर्णबधिर मुलांचा शिक्षक झाला. तिथंच मेबल हबर्ड ही विद्यार्थिनी त्याला भेटली. लहानपणी स्कार्लेट फीव्हर झाला आणि तिचं ऐकणं कायमचं गेलं होतं. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची. पुढे १८७७ मध्ये दोघांचं लग्न झालं. नव्या कंपनीतले आपले शेअर बेलनं फक्त १० ठेवले, बाकीचे सगळे लग्नाची भेट म्हणून मेबलच्या नावावर केले.

एका तारेवर अनेक सूर

टेलिफोन बनवायचा म्हणून बेल कामाला लागला नव्हता. त्या काळात सगळा व्यवहार तारेवर, म्हणजे टेलिग्राफवर चालायचा. तारांवर गर्दी झालेली. नवी तार ओढायची तर खर्च. तेव्हा एकाच तारेवर एकाच वेळी अनेक संदेश पाठवता आले तर? बेलची युक्ती संगीतातून आली. प्रत्येक संदेशाला एक वेगळा सूर द्यायचा. पलीकडे प्रत्येक सुराला जुळवलेली एक पट्टी ठेवायची. सगळे सूर एकत्र जातील, पण प्रत्येक पट्टी आपलाच सूर ओळखून थरथरेल. याला हार्मोनिक टेलिग्राफ म्हणत. मेबलचे वडील गार्डिनर हबर्ड यांनी पैसे लावले होते ते यासाठी.

२ जून १८७५ ला या प्रयोगातली एक पट्टी अडकली. बेलचा सहकारी थॉमस वॉटसन यानं ती बोटानं छेडली, आणि दुसऱ्या खोलीत बेलला तारेतून त्या छेडण्याचा खरा आवाज ऐकू आला. एक सूर असा जात असेल तर माणसाचं अख्खं बोलणंही जाईल, हे त्याच्या लक्षात आलं. १४ फेब्रुवारी १८७६ ला पेटंटचा अर्ज गेला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकाचाही कागद त्याच कार्यालयात आला. कुणाचा आधी, यावर आजही लोक भांडतात. ७ मार्चला पेटंट मिळालं. १० मार्चला बेलनं यंत्रातून वॉटसनला आपल्या खोलीत बोलावलं आणि वॉटसन खरंच आला. बेल तेव्हा नुकताच २९ वर्षांचा झाला होता. पुढची कित्येक वर्षं कोर्टात गेली. अँटोनियो मेउची या इटालियन संशोधकाचं टेलिफोनमधलं काम मान्य करणारा ठराव अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानं केला तो थेट २००२ मध्ये. तेव्हा पुस्तकातलं एका ओळीचं उत्तर जपूनच वाचा.

टेलिफोन मात्र वेगानं पसरला. १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रासला एक्सचेंज सुरू झाली. आणि टेलिफोनबरोबर जगाला एक सवय लागली. दोघं बोलत असतील तोवर त्यांच्यामधली लाइन त्या दोघांचीच. ते गप्प बसले तरी ती अडलेलीच. आजोबांना विचारा, ट्रंक कॉल बुक करून किती ताटकळावं लागायचं.

उन्हावर बसलेला आवाज

१८८० मध्ये फ्रान्स सरकारनं बेलला व्होल्टा पुरस्कार दिला, ५०,००० फ्रँकचा. त्या पैशातून त्यानं वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा उभी केली. त्याच वर्षी त्यानं आणि त्याचा सहकारी चार्ल्स समनर टेंटर यानं एक यंत्र तयार केलं. त्यात बोलण्यासाठी तार लागत नव्हती. लागायचं फक्त ऊन.

कसं चालायचं बघा. एक अगदी पातळ आरसा, त्यावर ऊन पाडलेलं. आरशाच्या मागून बोललं की आवाजानं आरसा थरथरतो. मग त्यावरून परतणारा उजेडही तसाच कमीजास्त होतो. दूरवर एक वाटीसारखा आरसा तो उजेड गोळा करून सेलेनियमच्या तुकड्यावर टाकतो. सेलेनियमचा गुण असा की उजेड वाढला की त्यातून वीज सोपी वाहते, उजेड कमी झाला की अडते. म्हणजे उजेडातली थरथर विजेत उतरली. पुढे टेलिफोनचा कानाला लावायचा भाग होताच. झाला आवाज. यंत्राचं नाव फोटोफोन.

टेंटर एका शाळेच्या गच्चीवर उभा राहून बोलला. सुमारे २१३ मीटरवर, प्रयोगशाळेच्या खिडकीत बेलनं ऐकलं. टेंटरनं सांगितलं, ऐकू येत असेल तर टोपी हलव. बेलनं टोपी हलवली. मधे तार नव्हती, फक्त उन्हाचा झोत होता.

बेल इतका हरखला की तेव्हाच जन्मलेल्या दुसऱ्या मुलीचं नाव फोटोफोन ठेवू या म्हणाला. मेबलनं ते ऐकलं नाही, म्हणून मुलगी वाचली! तिचं नाव मेरियन ठेवलं गेलं.

लोकांनी मात्र थट्टा केली. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकानं तर खांबाखांबांवर आता उन्हाच्या दोऱ्या टांगणार काय, अशा अर्थाची खिल्ली उडवली. आणि खरं सांगायचं तर यंत्रात खोट होतीच. ढग आला की बोलणं बंद. पाऊस आला, मधे काही आडवं आलं, की बंद. रात्री तर प्रश्नच नाही. फोटोफोन मागे पडला. तरी टेलिफोनपेक्षा फोटोफोन मोठा, हे बेल आयुष्याच्या शेवटापर्यंत मानत राहिला.

त्याचं चुकलं होतं का? उजेडाबद्दल नाही. त्याच्या उजेडाला दोन गोष्टी हव्या होत्या, ढगापावसापासून जपलेला रस्ता आणि त्या रस्त्यावरून जायची नवी पद्धत. दोन्ही त्याच्या हयातीत आल्या नाहीत.

वीस मीटर, एक किलोमीटर, शंभर किलोमीटर

रस्ता काचेचा असू शकतो, याची कल्पना फिजिक्समध्ये तुम्हाला आलेली आहे. पूर्ण आंतरिक परावर्तन आठवतं? जॉन टिंडॉलनं १८५४ मध्येच पाण्याच्या वाकड्या धारेतून उजेड नेऊन दाखवला होता. पण अडचण काचेच्या शुद्धतेची होती. १९६० च्या दशकातल्या काचतंतूत २० मीटर गेल्यावर १०० तला एकच हिस्सा उजेड उरायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काव या संशोधकानं जॉर्ज हॉकहॅम यांच्यासोबत मांडलं की दोष काचेच्या जातीचा नाही, तिच्यातल्या भेसळीचा आहे. भेसळ काढा, उजेड लांब जाईल. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं तसा तंतू बनवला. आता तोच १०० तला एक हिस्सा १ किलोमीटरवर उरत होता. आजच्या तंतूत तो १०० किलोमीटरवर उरतो. म्हणजे नांदेडहून निघालेला उजेड अहमदपूर ओलांडून पुढे गेला तरी ओळखता येतो. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

यात आपल्या महाराष्ट्राचंही एक पान आहे. टेलिफोन एक्सचेंजांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये सुरू झाली, ती पुण्यात.

आणि बेलचा तो हार्मोनिक टेलिग्राफ? तोही परत आला. एका तारेवर अनेक सूर पाठवायचे, तसे आता एका तंतूतून अनेक रंगांचे उजेड जातात. डोळ्याला न दिसणारे, पण प्रत्येकाची तरंगलांबी वेगळी. केसाएवढ्या एका तंतूत असे ८० किंवा त्याहून जास्त. पलीकडे प्रत्येकजण आपला रंग तेवढा ओळखून घेतो. कल्पना तीच, पट्टीच्या जागी लेझर.

वऱ्हाड सुट्टं सुट्टं

आता राहिली पद्धत. इथं मात्र बेलच्या टेलिफोनलाच बाजूला व्हावं लागलं.

समजा नांदेडहून लातूरला वऱ्हाड जायचंय. जुन्या टेलिफोनची पद्धत म्हणजे वऱ्हाडासाठी रस्त्याची एक अख्खी पट्टी बंद करून ठेवायची. वऱ्हाड चहाला थांबलं तरी त्या पट्टीवर दुसरी गाडी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी वेगवेगळा विचार करून एकच उपाय काढला. वऱ्हाड सुटं करा. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या, तिच्यावर मंडपाचा पत्ता आणि आपला नंबर. कुणी लोहा-अहमदपूरमार्गे एसटीनं, कुणी मुखेड-उदगीरमार्गे, कुणी परळीमार्गे रेल्वेनं. जिथं जागा, तिथं बसा. मंडपाच्या दारात नंबरानुसार रांग लावायची. मधे एखादे काका हरवले तर त्यांची दुसरी प्रत मागवायची. वऱ्हाडात हे जमणार नाही, नेटवर्कमध्ये जमतं. या सुट्या तुकड्यांना डेव्हिसनं पॅकेट हे नाव दिलं. १९६९ मध्ये अर्पानेट याच पद्धतीवर सुरू झालं. आजचं इंटरनेट त्याचंच वाढलेलं रूप.

गंमत पुढे आहे. बरीच वर्षं उजेडाचा रस्ता आणि पॅकेटची पद्धत यांचा संसार एकत्र नव्हता. फायबरवरची यंत्रं टेलिफोन कॉलच्या मापानं बनलेली. एका कॉलला सेकंदाला ६४,००० बिटांचा एक ठरलेला कप्पा, कुणी बोलो न बोलो. लोक फोनवर बोलण्यापेक्षा नेट जास्त वापरू लागले, तशी पॅकेटं या कॉलच्या कप्प्यांत कोंबावी लागायची. गव्हाचं पोतं काडेपेटीत भरण्याचा प्रकार. उजेड सांभाळणारं यंत्र वेगळं, पॅकेट वाटणारं वेगळं, दोन्हीची वीज वेगळी, माणसं वेगळी.

मग गेल्या दोन दशकांत या दोघांची मोट बांधली गेली. आता एकच यंत्र पॅकेटही ओळखतं आणि उजेडाचे रंगही हाताळतं. पॅकेट वाटणाऱ्या राउटरमध्येच बोटाएवढ्या आकाराचा लेझरचा तुकडा खोचता येतो. खोल्या भरणारी यंत्रं एका कपाटात आली, खर्च आणि वीज वाचली. शहरापुरती असलेली गोष्ट तालुक्याच्या गावापर्यंत नेणं परवडू लागलं, त्यात याचा मोठा वाटा. आणि तुमचा आवाजही आता पॅकेटच झालाय. ४जी वर तुम्ही कॉल लावता तेव्हा बोलण्याचे सेकंदाला साधारण ५० तुकडे होतात. गप्प बसलात की जागा दुसऱ्याच्या रीलला. बेलच्या टेलिफोननं लावलेली ती राखीव लाइनची सवय अशी संपली. त्याचा विसरलेला उजेड मात्र कामाला लागला.

याची दुसरी बाजूही तुम्ही भोगलेली आहे. सगळंच एका तंतूवर आलं की एका जेसीबीच्या फटक्यात सगळंच जातं. रस्त्याचं काम निघालं, केबल तुटली, की एटीएम बंद, परीक्षेचा फॉर्म अडकला, हॉस्टेलवरून घरी कॉल नाही. यावर उपाय म्हणून फायबर शक्यतो गोल, रिंगसारखी टाकतात. एका बाजूनं तुटली तर वऱ्हाड उलट्या बाजूनं फिरून पोचतं. जिथं रिंग पूर्ण झालेली नाही, तिथं मात्र केबल जोडेपर्यंत वाट बघत बसावं लागतं. तेव्हा आपल्या तालुक्यात फायबर आली का, एवढंच विचारू नका. रिंग पूर्ण झाली का, हेही विचारा.

बेलची चूक

आता त्या लक्षात ठेवायला सांगितलेल्या गोष्टीकडे येऊ.

कर्णबधिर मुलांवर बेलचा जीव होता, यात शंका नाही. हेलन केलर लहान असताना तिच्या वडिलांना योग्य वाट दाखवणारा तोच. तिनं आपलं आत्मचरित्र त्यालाच अर्पण केलं. पण त्याचा एक हट्ट होता. कर्णबधिरांनी ओठ वाचावेत, तोंडानं बोलावं, ऐकणाऱ्यांच्या जगात मिसळून जावं. खुणांच्या भाषेत त्यांना शिकवायला त्याचा विरोध होता. कर्णबधिर माणसांनी आपसात लग्नं केली तर बहिऱ्यांची वेगळी जमातच तयार होईल, अशी भीती त्यानं १८८३ मध्ये एका निबंधात मांडली. त्याचं नाव मोठं होतं, त्यामुळे त्या मताचं वजनही मोठं झालं. अनेक शाळांत हातांनी बोलणाऱ्या मुलांचे हात थांबवले गेले. त्या काळात तसं वारं होतं, बेल एकटा नव्हता, हे खरं. पण ज्या मुलानं बोटांच्या खुणांनी आईला घरातल्या गप्पांमध्ये घेतलं, त्यानंच मोठेपणी खुणांना विरोध केला, हेही खरं. कर्णबधिर समाज आजही त्याला त्यासाठी माफ करायला तयार नाही. मला वाटतं, त्यांचा राग समजून न घेता बेलवर लिहिणं बरोबर होणार नाही.

आणि टेलिफोनचं तर बघा. ज्या दोन बायकांवर त्याचा सगळ्यात जास्त जीव, त्या आई आणि मेबल. दोघींनाही त्या यंत्राचा काही उपयोग नव्हता. टेलिफोन फक्त ऐकणाऱ्यांचा होता. तो जसजसा पसरला तसतसे कर्णबधिर आणखी बाजूला पडले. नोकरी, दवाखाना, मदत, सगळं फोनवर आणि त्यांना फोन नाही.

२ ऑगस्ट १९२२ ला कॅनडात, नोव्हा स्कोशियामधल्या आपल्या घरी बेल गेला. वय ७५. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले. लाखो यंत्रं एकदम गप्प. मेबलसाठी मात्र ती आयुष्यभर गप्पच होती.

लातूरची गाडी लागली तेव्हा तो मुलगा उठला. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं निरोप. त्याचा तो निरोप सेकंदाला कितीतरी तुकडे होऊन, रस्त्याकडेच्या नारिंगी पाइपातून, काचेतल्या उजेडावर बसून गेला असणार. बेलनं ज्याचा ध्यास घेतला तो उजेड, आणि बेलनं ज्याला विरोध केला ती भाषा. दोघांची गाठ पडली ती बेलच्या पश्चात, आणि आपल्या स्टँडवर.

पुढच्या वेळी नांदेड-लातूर रस्त्यावर पाइपाची वेटोळी आणि खणलेला चर दिसला, की धुळीला नावं ठेवता ठेवता एकदा खाली बघा. आणि टेलिफोनचा शोध कुणी लावला असं कुणी विचारलं, तर एक मार्क घ्या. पण उरलेली गोष्टही सांगा.